मिशीवाली नाव आणि साक्रीचा वारा

जळगावात ‘फॉइल’ म्हटलं की हॉटेलातला पोऱ्या विचारतो, ‘‘पोळ्या बांधू का भाकरी?’’ त्याचं काही चुकत नाही. चंदेरी कागदात गुंडाळलेली कळण्याची भाकरी आणि सोबत शेवभाजीची पिशवी, यापलीकडे फॉइलचं इथं कुणाचं काही अडलेलं नाही. फ्रान्सच्या अटलांटिक किनाऱ्यावर मात्र याच शब्दाने गेल्या दहा वर्षांत लोकांची झोप उडवली आहे. तिथं फॉइल म्हणजे शिडाच्या नावेच्या बरगडीतून बाहेर आलेला वाकडा पंख. पूर्ण नाव हायड्रोफॉइल. शिडात वारा भरला, नाव वेगात आली की हा पंख पाण्यातून तिला वर उचलतो आणि अठरा मीटर लांबीचं, आठेक टनांचं धूड समुद्राच्या वर अधांतरी पळू लागतं. पंखाची पाती, सुकाणूचं टोक, असं थोडकंच काय ते ओलं. बाकी नाव सोवळ्यात.

अशा नावेची चित्रफीत धुळ्यात पाचकंदीलजवळच्या चहाच्या टपरीवर एका कॉलेजकुमाराने मोबाइलवर लावली, तेव्हा शेजारच्या आबांनी चष्मा कपाळावर चढवून ती दोनदा पाहिली.

‘‘हाई काय शे रे भाऊ?’’

‘‘नाव शे आबा. शिडनी नाव.’’

‘‘मंग पानीवर काबरं नही?’’

‘‘वर उचलस ना. जोरमा पयाले.’’

आबांनी चहाचा घोट घेतला, जरा विचार केला आणि म्हणाले, ‘‘पानीले पाय लावाना नही, ते मंग पानीमा गयात काबरं?’’

जगभरच्या नौकाशास्त्रज्ञांना याहून नेमका प्रश्न कुणी विचारला नसेल. आणि तो धुळ्यातून यावा यात नवल नाही. खानदेशाचा सगळा इतिहास पाण्यापर्यंत पोचण्याचा आहे. पांझरेच्या बंधाऱ्यांवर गावानं मिळून फड राखले, पाटकऱ्यानं पाळ्या लावून दिल्या, त्या पाळीवरून भावकीत बोलणं बंद झालं. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८८४ साली मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागले, त्या उमेदीच्या दिवसांत त्यांना साक्रीकडच्या दातर्तीजवळ पांझरा ओलांडणारं सायफनचं काम मिळालं. पावसाळा आड येतोय, तो सरल्यावर करू, असं त्यांनी सुचवून पाहिलं आणि वरिष्ठांनी खरमरीत शब्दांत खडसावल्यावर मुकाट्यानं ते करून दाखवलं. इथला माणूस बोअर घेतो तेव्हा फूट मोजत खाली जातो आणि प्रत्येक फुटाला देवाचं नाव घेतो. अशा मुलखाला कुणी सांगावं की तिकडे समुद्राकाठचे लोक कोट्यवधी रुपये ओततात ते पाण्यापासून मीटरभर वर राहता यावं म्हणून, तर त्यांनी आबांसारखंच पाहायचं.

तरी हा प्रश्न सोडवता येतो, आणि त्यासाठी समुद्र लागत नाही. धुळे–साक्री एसटी पुरते.

एसटीच्या खिडकीवर ‘हात बाहेर काढू नये’ अशी पाटी असते. ती वाचून ज्यानं हात बाहेर काढला नाही असं पोर महाराष्ट्रात जन्माला यायचं आहे. बस वेगात आली की तळवा जमिनीला समांतर धरायचा. हवा वरून-खालून सुळकन निघून जाते. आता अंगठ्याकडची कड किंचित वर करा. हात आपोआप वर चढतो, कुणीतरी खालून उचलल्यासारखा. लोभ सुटून कड आणखी वर केली, की उचल संपते, हात थाडकन मागे ढकलला जातो आणि कोपर खिडकीच्या लोखंडावर आपटतं. विमानाचा पंख, पवनचक्कीचं पातं आणि हायड्रोफॉइल या तिघांचं शास्त्र एवढंच. वाहतं काहीतरी हवं, किंचित तिरपं पान हवं आणि लोभाला आवर हवा. त्यात वेगाचं गणित मजेदार आहे: वेग दुप्पट झाला की उचल चौपट होते. म्हणून चढावर हात मेल्यासारखा लोंबतो आणि सपाटीवर पतंग होतो.

आता हीच गंमत पाण्यात करायची. पाणी हवेच्या सुमारे आठशे पट दाट. विमानाला आभाळभर पंख लागतात, तिथं नावेला दोन-चार मीटरची पाती पुरतात. नाव वर उठली की तिच्या पोटाला घासणारं पाणी सुटतं, आणि नावेचा खरा वैरी तर तेच घासणारं पाणी. जळगावच्या मेहरूण तलावाच्या काठी पोरं चपट्या खापऱ्या फेकून पाण्यावर भाकऱ्या काढतात. मोटरबोटीचं पळणं त्या जातीचं, पाण्याच्या पाठीवर आपटत-आपटत. फॉइलवाली नाव भाकऱ्या काढत नाही. ती घारीसारखी पंखावर तोलून जाते.

लॅटिनमधल्या ‘फोलियम’वरून फॉइल आला, आणि फोलियम म्हणजे पान. हे कळल्यावर जळगाव जिल्ह्याने या विषयावर हक्क सांगायला हरकत नाही, कारण पानांत या जिल्ह्याचा हात धरणारा कोण? २०१६ साली जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळालं. (भरताच्या वांग्यालाही त्याच वर्षी मिळालं. ते इथं सांगायचं कारण नव्हतं, पण भरिताचा विषय टाळून पुढं जाणं खानदेशात असभ्य मानलं जातं.) केळीचं कोवळं पान म्हणजे अखंड शीड. वारा वाढला की ते मधल्या शिरेपासून कडेपर्यंत फाटत जातं, चिंध्या होतात, वारा आरपार निघून जातो आणि झाड उभं राहतं. शिडावरचा खलाशी वादळात शीड आखडून घेतो, केळ फाडून घेते. अक्कल एकच. बागेच्या कडेनं शेवरी लावून शेतकरी वाऱ्याला आधीच अडवतो. तरीही मे-जूनच्या वावटळीत रावेर-यावलकडच्या बागा आडव्या होतात. फ्रेंच खलाशी वारा मागतो. रावेरचा केळीवाला वारा येऊन गेला की तलाठी मागतो.

पाण्यात पान खोचायची कल्पना शंभराहून अधिक वर्षांची जुनी. एन्रिको फोर्लानिनी या इटालियन इंजिनियरानं १९०६ साली माज्जोरे सरोवरावर अशी बोट पळवली, ताशी ६८ किलोमीटरने. पुढं हे वेड लागलं ते थेट टेलिफोनवाल्या अलेक्झांडर ग्रॅहम बेलना. ज्याच्या टेलिफोननं जगाला ‘हॅलो’ म्हणायला लावलं, त्यानं म्हातारपणी नातवंडं खेळवावीत की नाही? बेल आणि त्यांचे सहकारी केसी बॉल्डविन कॅनडातल्या ब्रा-दोर सरोवरावर शिडीच्या पायऱ्यांसारखी पाती लावलेली एचडी-४ नावाची बोट बांधत बसले. ९ सप्टेंबर १९१९ रोजी ती ताशी ११४ किलोमीटरने धावली. बेल तेव्हा ७२ वर्षांचे होते.

त्या बोटीला इंजिनं होती. शिडाच्या नावेचं दुखणं वेगळं, कारण वारा ही उधारीची वस्तू, आणि उधारीवर जड संसार उचलत नाही. एरिक ताबार्ली या फ्रेंच नौदल अधिकाऱ्याला उडती नाव हवी होती, पण त्या काळच्या धातूंनी ती फार जड व्हायला लागली. मग त्यानं अर्ध्यावर तडजोड केली. ‘पॉल रिकार’ नावाच्या त्याच्या तीन सांगाड्यांच्या नावेला पंख होते ते भार हलका करण्यापुरते. तेवढ्यावर त्यानं १९८० साली सव्वादहा दिवसांत अटलांटिक ओलांडला आणि १९०५ पासूनचा विक्रम मोडला. खरी उडी कार्बन फायबर आल्यावर बसली. २००९ साली अलँ तेबोची ‘लिद्रोप्तेर’ पाचशे मीटरच्या टप्प्यात ५१.३६ नॉटने, म्हणजे ताशी ९५ किलोमीटरने गेली, निव्वळ वाऱ्यावर. या वेगापाशी एक विचित्र अडचण उभी राहते. पात्याच्या पाठीवर दाब इतका उतरतो की समुद्राचं थंडगार पाणी तिथल्या तिथं उकळतं, बुडबुडे सुटतात आणि उचल हातची जाते. जळगावच्या मे महिन्यात टाकीतलं पाणी कुणी न तापवता उकळायला येतं, त्यामुळे इथल्या लोकांना हे फारसं अद्भुत वाटणार नाही.

खुल्या समुद्रात मात्र पंख रुजले ते वाँदे ग्लोब शर्यतीमुळे. दर चार वर्षांनी फ्रान्समधल्या ले साब्ल दोलोन बंदरातून एकेकटे खलाशी निघतात, कुठंही न थांबता, कुणाची मदत न घेता पृथ्वीला वळसा घालतात आणि तिथंच परत येतात. २०१६ साली त्यातल्या काही नव्या नावांना दोन्ही कुशींतून असे काही पंख फुटले, आडवे जाऊन टोकाशी वर वळलेले, की लोकांनी त्यांना साल्वादोर दालीच्या मिशा म्हणायला सुरुवात केली. तो चित्रकार दाली, मिशा मेणानं ताठ ठेवणारा. खानदेशात कुणाला दाली ठाऊक असण्याची गरज नाही. अक्षय्य तृतीयेला, म्हणजे आखाजीला, पत्त्यांच्या डावात जिंकून मिशीला पीळ देत घरी निघालेला मामा डोळ्यांपुढे आणला की पंखाचा आकार बरोबर कळतो.

मिशीवाली नाव त्या शर्यतीत पहिल्यांदा जिंकली. आर्मेल ल क्लेआक ७४ दिवसांत परतला. त्याच्यामागे सोळा तासांनी आलेल्या ॲलेक्स टॉमसनची कथा जास्त रंगतदार. त्याची उजवी मिशी दक्षिण अटलांटिकमध्येच कशावर तरी आपटून तुटली होती. उरलेली बहुतेक पृथ्वी त्यानं एका मिशीवर घातली आणि दुसरा आला. समुद्रात लाकडाचे ओंडके असतात, जहाजांवरून पडलेले कंटेनर असतात, झोपलेले देवमासे असतात. रात्री यांतलं काही दिसत नाही आणि पंख नेमका त्यावर बसतो. खानदेशी वाहनचालकाला हे समजावून सांगावं लागणार नाही. रात्री अकराला, पट्टे न मारलेल्या आणि सकाळपर्यंत अस्तित्वात नसलेल्या गतिरोधकावरून ज्याची गाडी उडाली आहे, त्याला हायड्रोफॉइलचा उत्तरार्ध अनुभवाने पाठ असतो.

कारण उडणं सोपं आहे, उतरणं अवघड. विमानाला शेपटाशी आडवा पंख असतो, तो तोल सांभाळतो. या शर्यतीच्या नावांना सुकाणूवर असा आडवा पंख लावायला नियमांनी मनाई केलेली. त्यामुळे नाव उडते, नाळ आभाळाकडे जाते, मग वारा कमी-जास्त होतो आणि आठ टन वजन लाटेच्या पाठीवर आदळतं. मग पुन्हा उडते. हे दोन महिने. आतला माणूस शिरस्त्राण घालून वावरतो, धरायला कडी नसेल तर उभा राहत नाही, झोप तुकड्यातुकड्यानं घेतो आणि पंखांची अखंड शीळ ऐकतो. २०१९ साली टॉमसनच्या नव्या नावेत खलाशाची जागा चहूकडून बंदच केली होती, समुद्र पाहायला कॅमेरे. म्हणजे खोलीत कोंडून घ्यायचं, पडद्यावर समुद्र पाहायचा आणि बाहेर पाऊल टाकायचं नाही. जळगावकर हे एप्रिल-मेमध्ये कूलर लावून, फुकटात करतात.

खर्चाचं न विचारलेलं बरं. नुसत्या पंखांच्या जोडीला काही कोटी रुपये पडतात. टपरीवर हा आकडा निघाला तेव्हा बराच वेळ कुणी बोललं नाही.

पण वेग आहे, हे कबूल करावं लागतं. २०२४ च्या शर्यतीत सेबास्तियाँ सिमोंनं चोवीस तासांत ६१५ सागरी मैल काढले. किलोमीटरमध्ये ते अकराशे चाळीसच्या घरात जातात. जळगावात रेल्वेत बसून दिल्ली गाठावी तेवढं अंतर, आणि तेही डबा, इंजिन, चहावाला यांतलं काहीच नसताना. पुढं त्याचीही एक मिशी तुटली आणि तो तिसरा आला. विजेता शार्ली दालाँ १० नोव्हेंबर २०२४ ला निघाला आणि ६४ दिवस १९ तासांत पृथ्वी फिरून घरी आला. मनमाड–इंदूर रेल्वेमार्ग धुळ्यावरून जावा म्हणून धुळेकरांच्या किती पिढ्यांनी निवेदनं दिली! त्या मार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली ती याच २०२४ च्या सप्टेंबरात. मंजुरीच्या सत्कारातले हार वाळायच्या आत हा गृहस्थ जगाला प्रदक्षिणा घालून मोकळा.

मिशीवाल्यांच्या या गर्दीत टपरीचा कौल मात्र झाँ ल कामला पडला. २०२० च्या शर्यतीत हा एकसष्ट वर्षांचा गडी २००७ साली बांधलेली, पंखबिंख नसलेली नाव घेऊन उतरला होता. दक्षिणेच्या समुद्रात केव्हिन एस्कोफिएची झकास, पंखवाली नाव लाटेत दुमडून मोडली, तेव्हा त्याला पाण्यातून उचललं ते या म्हाताऱ्यानं. ल कामनं शेवटची रेषा आठव्या क्रमांकावर ओलांडली. बचावात गेलेल्या वेळेची सूट मिळून चौथा ठरला. जुन्या राजदूतवर बुलेटवाल्याला लिफ्ट द्यावी तसं हे. आबांनी त्याचं नाव दोनदा विचारून घेतलं.

आपल्याकडे मिशीवाली नाव बांधून कुणी या शर्यतीत उतरवलेली नाही. मात्र पृथ्वीच्या या एकट्यादुकट्याच्या प्रदक्षिणेचा श्रीगणेशाच मुंबईत झाला, हे फ्रेंचांना अधूनमधून ऐकवायला हवं. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन १९६८-६९ साली न थांबता, एकट्यानं जग फिरून आला, ३१२ दिवसांत. असं करणारा तो पहिला माणूस. त्याची ‘सुहैली’ मुंबईत, कुलाब्याला, सागवानात, सुतारांनी हातच्या हत्यारांनी घडवलेली. तिला पंख नव्हते आणि घाईही नव्हती.

आणि समुद्राचं वेड लागायला समुद्र जवळ लागत नाही, याचा पुरावाही मराठीच आहे. भारतीय माणसानं शिडाच्या नावेतून एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करावी हा ध्यास व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांचा. निवृत्तीनंतर ते राहायचे फलटण तालुक्यातल्या विंचुर्णीला, म्हणजे जिथं पाऊसही पाहुण्यासारखा येतो. त्या ध्यासातून गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात छप्पन्न फुटी ‘म्हादेई’ उभी राहिली आणि तिच्यातून कमांडर दिलीप दोंदे ऑगस्ट २००९ ते मे २०१० मध्ये, चार थांबे घेत, जग फिरून आले. एकट्यानं फिरलेले पहिले भारतीय. पुढं त्याच नावेतून अभिलाष टॉमी न थांबता फिरले. टॉमी नंतर गोल्डन ग्लोब शर्यतीत उतरले, ती तर मिशीवाल्यांच्या अगदी उलट टोकाची. जुन्या घाटणीची नाव, उपग्रहाचं बोट धरायचं नाही, तारे आणि सेक्स्टंट पाहून वाट काढायची. २०१८ च्या खेपेला वादळात डोलकाठी मोडली, पाठ जायबंदी झाली. तरी पुढच्या खेपेला पुन्हा गेले आणि एप्रिल २०२३ मध्ये २३६ दिवसांनी दुसरे आले.

दालाँचे चौसष्ट आणि टॉमींचे दोनशे छत्तीस. मधल्या फरकात एक केळीचं पीक जवळपास अर्धं वाढतं.

खानदेशातली हायड्रोफॉइलची सख्खी बहीण पाहायची तर साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलला जावं. त्या पठारावर पाचशे मेगावॅटहून अधिक क्षमतेच्या पवनचक्क्या उभ्या आहेत. ज्या वाऱ्यानं पूर्वी फक्त टोप्या उडवल्या आणि गोठ्यांचे पत्रे नेले, तो आता विजेच्या हिशेबात धरला जातो. मोठ्या चक्कीचं एकेक पातं चाळीस-पन्नास मीटर सहज भरतं. वाँदे ग्लोबच्या दोन नावा मागेपुढे उभ्या केल्या तरी वर जागा उरेल. आणि असं पातं लांबलचक ट्रेलरवरून रस्त्यानं येतं, तेव्हा वळणावर सगळा तालुका थांबतो. ट्रेलर मागे, पुढे, पुन्हा मागे. चार माणसं हात करून चार वेगवेगळ्या दिशा दाखवतात. विजेची तार काठीनं वर उचलून धरली जाते. शेंगदाणेवाला पाच मिनिटांत हजर.

अशाच एका खोळंब्यात धुळ्याची एसटी अडकली आणि प्रवासी खाली उतरले. पातं पहिल्यांदाच इतक्या जवळून दिसत होतं. एक कड बैलाच्या वशिंडासारखी गोल, दुसरी विळ्याच्या धारेसारखी निमुळती. बुंध्याशी माणूस आत उभा राहील एवढं तोंड आणि टोकाकडे जाता जाता अंगात किंचित पीळ. धोतर सावरत एक म्हातारबुवा पुढे झाले. त्यांनी पात्यावर आधी तळवा फिरवला, मग बोटांची पेरं वाजवून कान लावला. लग्नात माठ पारखून घ्यावा तसं.

‘‘पोकय शे भो!’’ त्यांनी जाहीर केलं. गर्दीला हायसं वाटलं.

ट्रेलर एकदाचा वळला. कंडक्टरनं डबल बेल दिली, गाडीनं सपाटी धरली. तिसऱ्या खिडकीतल्या पोरानं पाटीखालून हात बाहेर काढला, तळवा सपाट केला आणि अंगठ्याकडची कड हळूच वर उचलली. कंडक्टर मागच्या सीटवर सुट्या पैशांवरून भांडत होता.